मनगटावरचा वाळा

१६ मे, नागपूर. रात्रीचे साडेनऊ.

आज दुपारी पारा ४४ अंशांच्या पुढे गेला. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर तीन वेळा पाणी मारले, तरी संध्याकाळपर्यंत घरातली हवा निवली नाही. सात वाजता अंघोळ करून ओसरीवर बसले, उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ती ८८ भरली. मग तिळाच्या तेलात वाळ्याचे तेल मिसळलेली छोटी बाटली दोन्ही मनगटांवर फिरवली, थोडे तेल कानांमागे लावले आणि मनगट नाकाजवळ धरून दहा मिनिटे डोळे मिटून बसले. पुन्हा मोजली तेव्हा नाडी ७६ होती. वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले.

परिचारिका म्हणून ३१ वर्षे नोकरी केली, त्या काळात किती मनगटे हातात घेतली याचा हिशेब नाही. नाडी कधी अंगठ्याने पाहू नये, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, हे नव्या मुलींना शिकवता शिकवता मी निवृत्त झाले. पण स्वतःची नाडी मात्र त्या सगळ्या वर्षांत एकदाही शांतपणे मोजली नव्हती. निवृत्तीनंतर झोप विस्कटली, रात्री दोन-अडीचला जाग येऊन वॉर्डातली घंटा वाजल्याचा भास होऊ लागला, तेव्हा सुनेने सुगंधी तेलांच्या चार बाटल्या आणून दिल्या आणि ती मनगटावर, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे जिथे नाडी लागते तिथे लावावीत असे सुचवले. ज्या जागी आयुष्यभर दुसऱ्यांचे ठोके शोधले, त्याच जागी स्वतःसाठी काही लावायचे, ही कल्पनाच मला मनापासून आवडली.

तरीही ‘नाडीवर लावले की तेल थेट रक्तात जाते आणि शरीरभर पसरते’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. तेलातले काही घटक त्वचेतून अल्प प्रमाणात आत उतरतात हे खरे आहे, परंतु धमनी जवळ आहे म्हणून तिथे औषधाचे एखादे दार उघडते असे नाही. मनगटाच्या आतली कातडी पातळ आणि उबदार असते, त्या उबेने तेल हळूहळू उडत राहते आणि हात सहज नाकापर्यंत पोहोचतो. माझ्या मते मनगटाची थोरवी एवढीच आहे, आणि ती कमी नाही. खरे काम नाकात होते. नाकाच्या छताशी असलेल्या पेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत शिरतात, आणि दृष्टी किंवा श्रवणाप्रमाणे आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यावर न थांबता गंधाची वार्ता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणूनच वाळा हुंगताच, विचार करण्याआधी, मला अमरावतीचे आजोळ दिसते.

तिथे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडलेली असे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे देण्याआधी आजी प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावी आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडी. आजोबा बाहेर पडताना अत्तराचा फाया कानाच्या वरच्या घडीत खोचत. उन्हाळ्यात वाळा किंवा गुलाब आणि थंडीत हिना, हा त्यांचा नेम कधी मोडला नाही. ते अत्तर कनोजहून आलेले असे. कनोजला अजूनही तांब्याच्या देगेत फुले किंवा मुळे पाण्यासह उकळतात, वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करण्याच्या भांड्यात, उतरवतात आणि त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते, म्हणजे सुगंध जन्मतो तोच दुसऱ्या तेलाच्या आधाराने. आधाराशिवाय काढलेल्या निव्वळ अर्काला रूह म्हणतात. वाळ्याची रूह तांब्यामुळे हिरवट दिसते आणि इतकी घट्ट असते की थेंब पडण्यासाठी बाटली मुठीत धरून ऊब द्यावी लागते. हल्ली चंदन महागल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन वापरतात, याचे मला वाईट वाटते.

आधाराचे महत्त्व मी चुकीतून शिकले. गवती चहाचे तेल घेताना दुकानदाराने ‘शुद्ध आहे, तसेच लावा’ असे सांगितले आणि इतक्या वर्षांचा दवाखान्यातला अनुभव गाठीशी असूनही मी ते तसेच मनगटावर लावले. तासाभरात कातडी लाल झाली आणि पुढचे सहा दिवस तिथे बांगडीसुद्धा सहन होत नव्हती. तेव्हापासून १० मिलिलिटर तिळाच्या तेलात चारच थेंब टाकते, म्हणजे प्रमाण साधारण दोन टक्के होते. नवे तेल असेल तर आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहते. लिंबाचे किंवा बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचे तेल लावून तर उन्हात जाणारच नाही, कारण दाबून काढलेल्या या तेलांमुळे उन्हात त्वचा भाजते आणि डाग राहतात. नागपूरच्या उन्हात असा धोका कशाला पत्करावा? बाटलीवर मिसळल्याची तारीखही लिहिते, कारण तेल हवेने जुने झाले की तेच त्वचेला अधिक बोचू लागते.

गेल्या महिन्यात एक प्रयोग केला. एक आठवडा नुसते तिळाचे तेल लावून बसले आणि पुढचा आठवडा वाळा मिसळलेले. वहीतले आकडे समोर ठेवले तर नाडी दोन्ही आठवड्यांत जवळजवळ सारखीच उतरली होती, कधी आठ ठोके, कधी बारा. म्हणजे उतार येतो तो दहा मिनिटे स्वस्थ बसण्याने आणि श्वास लांबल्याने. मात्र साध्या तेलाच्या आठवड्यात सातांपैकी तीन संध्याकाळी मी बसलेच नाही, काही ना काही काम निघाले. वाळ्याच्या आठवड्यात एकही दिवस चुकला नाही. सुगंधासाठी मी बसते आणि बसल्यामुळे शरीर निवते, असे मला आज स्पष्टपणे वाटते. झोपही या महिन्यात बरी लागते आहे, परंतु त्याचे श्रेय तेलाला किती आणि सहा वाजल्यानंतर सोडलेल्या चहाला किती, हे मी ठरवणार नाही.

आठ वाजता शेजारची मुलगी आली. तिच्या दहा महिन्यांच्या बाळाचे नाक चोंदले आहे, म्हणून ‘काकू, तुमच्याकडचे निलगिरीचे तेल थोडे त्याच्या छातीला आणि मनगटाला लावू का?’ असे विचारत होती. मी तिला ठामपणे नाही म्हटले. निलगिरी, पुदिना आणि कापूर ही तान्ह्या मुलांच्या श्वासाला धोक्याची असतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. बालरुग्ण विभागात काम केलेल्या बाईला हे विसरता येत नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालायला आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. तिचा चेहरा पडला होता, म्हणून जवळ बसवून तिच्या मनगटावर माझ्या बाटलीतले वाळ्याचे तेल जरासे लावले आणि सवयीने तिचीही नाडी पाहिली. ९६ होती. रात्रभर जागलेल्या आईची नाडी. बाळाला थोडा वेळ मी मांडीवर घेतले, आणि ती ओसरीच्या खांबाला टेकून, हात चेहऱ्याजवळ धरून, काही न बोलता बसून राहिली.

बाटली तळाशी आली आहे. उद्या तिळाचे तेल आणायचे आहे.