आई खाकी, पिल्लं काळी

"अगं बदक ते बदक, त्यात कसली जात बघतेस" असं मावशी परवा फोनवर म्हणाली आणि मला हसू आलं, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. इकडे आल्यावर घरामागे मोकळी जागा मिळाली, मग हौसेने पाच खाकी कॅम्पबेल आणली, मग ती बाटलीसारखी उभी राहून पळणारी इंडियन रनर बघितली आणि राहवलं नाही, आणि शेवटी कयुगा जातीची एक जोडी, काळी पिसं पण उन्हात हिरवी चमकतात. सगळी एकाच खुराड्यात, एकाच टबात. अंडी खायची आणि मजा बघायची, बाकी काही टेन्शन नाही.

घोळ झाला तो एका ओळखीच्या बाईंनी खाकीची पिल्लं मागितली तेव्हा. म्हटलं देते की, त्यात काय! खाकीची अंडी पांढरी, माझ्या रनरची हिरवट आणि कयुगाची हंगामाच्या सुरुवातीला तर चक्क काळपट राखाडी, त्यामुळे वेगळी काढायला काहीच त्रास नाही. इनक्युबेटर लावला, 28 दिवस रोज जाऊन वाकून बघितलं, आणि बाहेर आली बारा पिल्लं, त्यातली सात काळी कुळकुळीत, छातीवर पिवळा डाग. अंड्यावरून आई कळते हो, बाप नाही कळत.

कयुगाचा काळा रंग बहुतेक रंगांवर मात करतो म्हणून निदान लगेच पकडलं तरी गेलं. पांढऱ्या पेकिन जातीचं उलटं असतं, तो पांढरा रंग पहिल्या पिढीत लपून बसतो, पिल्लं रंगीत दिसतात आणि तुम्ही खुशाल शुद्ध समजून वाढवता, मग पुढच्या पिढीत अचानक एखादं पांढरं निघतं.

एवढं सहज मिसळतं कारण ही सगळी बदकं मुळात एकाच जंगली मॅलार्डची पोरं आहेत, आकार रंग काहीही असो. अपवाद एकच, मस्कोवी. ते वेगळंच, त्याची अंडी उबायला सुद्धा 35 दिवस लागतात, आणि त्याचा इतरांशी संकर झाला तर पिल्लं वांझ निघतात, म्हणजे तो घोळ तिथेच संपतो. बाकीच्यांचा संपत नाही.

मग मी शहाणपणा केला, कयुगाच्या नराला जाळीपलीकडे टाकलं आणि चौथ्या दिवसापासूनची अंडी उबवायला ठेवली. परत काळी पिल्लं! कमी होती पण होती. तेव्हा कळलं की मादीच्या शरीरात बारीक नळ्यांमध्ये नराचं बीज साठून राहतं, नर नजरेआड झाला तरी आठवडा दोन आठवडे अंडी त्याचीच फळत राहतात. आता मी सरळ तीन आठवडे थांबते, त्या काळातली अंडी स्वयंपाकघरात जातात, आणि मगच उबवायची अंडी गोळा करते. आणि हो, मादी एकदा दुसऱ्या जातीच्या नराबरोबर गेली की कायमची बिघडली असं काही लोक छातीठोकपणे सांगतात, ते साफ खोटं आहे, साठा संपला की विषय संपला.

म्हणजे वर्षभर भिंती घालायची गरजच नाही. पिल्लं काढायची तेवढे दोन महिने खाकीच्या माद्या आणि खाकीचा नर एका बाजूला, बाकी सगळे दुसरीकडे. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात, नाहीतर तो एकीच्याच मानेची पिसं उपटून ठेवतो. जास्तीचे नर एकत्र ठेवले आणि आसपास मादीच नसली तर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. याहून सोपं म्हणजे नर फक्त एकाच जातीचा ठेवायचा, मग त्या जातीच्या मादीचं प्रत्येक अंडं शुद्धच. पण मला तो काळा नर आवडतो ना, काय करणार.

नर ओळखायचा तर दिसण्यावर जाऊ नका, आवाज ऐका. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी, नराचा घसा कायम बसलेला. शेपटीवरचं वळलेलं पीस नंतर येतं.

रंग वेगळा निघाला म्हणजे भेसळच असंही नाही बरं का. निळ्या स्वीडिश जातीची शुद्ध जोडी लावली तरी साधारण निम्मी पिल्लं निळी, पाव काळी, पाव पांढुरकी शिंतोड्यांची, तो निळा रंगच तसा आहे. आणि नुसतं वेगळं ठेवून जात टिकते हा पण गैरसमज, माझ्याकडची एक रनर शंभर टक्के शुद्ध असून अशी वाकून चालते की जणू कंबर धरलीय, तिची अंडी मी उबवत नाही.

गंमत म्हणजे ज्या खाकीसाठी हा सगळा खटाटोप तीच मुळात मिक्स. इंग्लंडमधल्या ॲडेल कॅम्पबेल बाईंनी 1900 च्या सुमारास रनर, रूआँ नावाची दुसरी एक जात आणि जंगली मॅलार्ड असा संकर करून ती तयार केली. हे मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझी ती सात काळी काय वाईट होती?"

वाईट नव्हतीच, त्यातल्या दोन माद्या अजून माझ्याकडेच आहेत. फक्त त्या बाईंना खाकी म्हणून देता आली नसती. त्या बाईंची पिल्लं आत्ता इनक्युबेटरमध्ये आहेत, आज एकोणिसावा दिवस, आणि जाळीपलीकडून कयुगाचा नर बसलेल्या घशाने दिवसभर शिव्या घालतोय.