आमची वाटचाल: मशीद बंदर ते बांदा नेइरा

बांदा म्हटलं की आपल्याकडे सावंतवाडीच्या पुढचं, गोव्याच्या हद्दीजवळचं बांदा आठवतं. आमचं बांदा फार लांब आहे. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात, अंबोनच्या आग्नेयेला भर समुद्रात दहा-अकरा लहान बेटं आहेत. त्यातल्या नेइरा बेटावरचं बंदराचं गाव म्हणजे बांदा नेइरा. आमच्या पेढीतलं जायफळ आणि जायपत्री तिथून येते. तिथे फिरायला जावं का, पैसे गुंतवावेत का, असं हल्ली बरेच जण मला विचारतात. त्याचं उत्तर आमच्या धंद्याच्या गोष्टीतच आहे, म्हणून ती सांगतो.

वडील मशीद बंदरात बसायचे, पुढे वाशीच्या मसाला मार्केटात गाळा घेतला. त्यांच्या काळी आम्हीही सगळ्यांसारखे दलालाच्या नमुन्यावर माल उचलायचो. गोणीवर ‘बांदा’ लिहिलेलं असे, पण बांद्याचं झाड आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. ते बघायचंच म्हणून मी अंबोनहून रात्रीच्या, पेल्नी या तिथल्या सरकारी कंपनीच्या जहाजात बसलो. पहाटे डेकवर आलो तर समोर गुनुंग आपी, म्हणजे आगीचा डोंगर, थेट पाण्यातून वर आलेला. १९८८ साली तो फुटला होता. लाव्हा समुद्रात उतरला तिथे काही वर्षांतच पुन्हा प्रवाळ वाढलं, ते बघायला आज जगभरातून डुबकी मारणारे येतात. मी मात्र त्या वेळी बंदरावरच्या चटयाच बघत होतो. त्यांवर जायपत्री वाळत घातली होती, ताजी लालभडक आणि कडेला उन्हानं केशरी होत चाललेली.

तिथेच पाक हाजी भेटले. समोरच्या बांदा बसार बेटावरच्या लोंथोर गावात त्यांची बाग. मला ते ‘दिक’ म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात गाई-गाई दिली. लांब बांबू, टोकाला विणलेली छोटी टोपली आणि टोपलीच्या तोंडाशी दोन दात. पिवळं फळ उकलून आतली लाल जायपत्री दिसली की देठ त्या दातांत धरून हलका झटका द्यायचा. फळ टोपलीत पडतं, जमिनीला लागत नाही. दिसायला सोपं आहे, पण पंधरा मिनिटांत माझी मान धरली. ओल्या जमिनीवर पडून राहिलेल्या फळाला बुरशी धरते, आणि त्या बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष म्हणजे आमच्या धंद्याचा काळ. गाई-गाईनं काढलेलं फळ आणि खालून वेचलेलं फळ एका गोणीत घालायचं नाही, हा पाक हाजींचा नियम. तीच गाई-गाई त्यांनी मला भेट दिली. विमानात नेता येईना, म्हणून कंटेनरमध्ये गोण्यांवर आडवी टाकून पाठवली. आज ती आमच्या गाळ्यात तराजूच्या वर टांगलेली आहे.

त्या बागेचाही इतिहास आहे. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाचं जवळपास सगळं जायफळ या बेटांतून जायचं. त्यासाठी डचांनी १६११ मध्ये नेइरावर बेल्गिका किल्ला बांधला आणि १६२१ मध्ये त्यांच्या गव्हर्नर-जनरल कूननं बेटांवरची वस्ती कापून काढली. सुमारे १५ हजार माणसांतली हजारभर उरली असं सांगतात. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडून बाहेरून आणलेल्या गुलामांकडून बागा राखल्या. पाक हाजींची बाग त्या ६८ पैकीच एका तुकड्यात आहे. शेजारच्या रुन बेटावरचा इंग्रजांचा हक्क १६६७ च्या तहात डचांकडे गेला, आणि बदल्यात मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. पुढे इंग्रजांनी रोपं पिनांग, श्रीलंका, ग्रेनाडाला नेली आणि बांद्याची मक्तेदारी संपली.

आता आमच्या वाईट वर्षाचं. जून ते ऑगस्ट तिथे पूर्वेचं वारं असतं, समुद्र खवळतो. त्या वर्षी बोट हुकली, माल नेइराच्या गोदामात अडकला, वर पाऊस. जायफळ कवचासकट महिना-सव्वा महिना वाळवावं लागतं, कानाशी हलवलं की आतली बी खुळखुळली पाहिजे. घाईत निम्मा माल खुळखुळायच्या आधीच गोणीत भरला गेला. अंबोन, सुराबाया, मग न्हावा शेवा. तुर्भ्यात कंटेनरचं दार उघडलं तेव्हा जायफळाच्या आधी ओलीचा वास आला. तपासणीत माल नापास. पैसे आधीच पोचते केलेले.

दोन-तीन मसाला कुटणारे अर्ध्या भावात न्यायला तयार होते. पावडर केली की काही दिसत नाही, असं तोंडावर म्हणाले. मी एक गोणीही दिली नाही, सगळा माल नष्ट केला. देणी फेडायला वडिलांची मशीद बंदरातली जागा विकली. त्या गल्लीतून आजही मी जात नाही.

त्याच आठवड्यात मार्केटातला एक मोठा व्यापारी आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरला. आमचा माल कायमचाच बुरशीचा, असं सांगत स्वतःची ‘बांदा जायपत्री’ स्वस्तात देऊ लागला. मी नमुना मिळवला. त्यात निम्मी रामपत्री होती. रामपत्री आपल्या सह्याद्रीतली, रानजायफळाची पत्री. गोड्या मसाल्यात तिची स्वतःची जागा आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण तिला जायपत्रीचा वास नाही, आणि जायपत्री म्हणून ती विकणं ही चोरीच आहे. जगाच्या बाजारात या रामपत्रीलाच ‘बॉम्बे मेस’ म्हणतात, मेस म्हणजे जायपत्री. आपल्या शहराचं नाव भेसळीला लागलं याची लाज आपल्या मार्केटाला का वाटत नाही, हे मला आजही कळत नाही. त्या माणसानं आमची नऊ जुनी गिऱ्हाइकं नेली. चार परत आली.

गिरगावात श्रीखंड करणाऱ्या एक काकू आहेत, त्या गेल्याच नाहीत. त्यांच्याकडेही तो नमुना पोचला होता. मी गेलो तेव्हा त्यांनी दोन वाट्यांत कोमट दूध घेतलं, एकीत माझी जुनी पत्री चुरली, दुसरीत त्याची, आणि वर झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकणं काढून म्हणाल्या, “तूच वास घे, मी कशाला सांगू?” मग पुढच्या दोन वर्षांच्या जायफळाचे पैसे आगाऊ दिले, कागद न करता. त्या पैशांतून पाक हाजींच्या बागेत छपराखाली धुरावर माल वाळवायची खोली उभी राहिली. पुढची अकरा वर्षं सुरळीत गेली.

जाणाऱ्यांना सांगतो. परतीचं तिकीट घट्ट बांधू नका, समुद्र खवळला की बोट निघत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर बरा काळ. वेगवान बोट अंबोनहून सहा तासांत पोचवते, पण जहाजानंच जा, पहाट चुकवू नका. हट्टा आणि शाहरिर यांना डचांनी १९३६ मध्ये इथे हद्दपार केलं होतं. त्यांची घरं जपलेली आहेत, तिथे वेळ द्या. हट्टा पुढे इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्रपती झाले, शाहरिर पहिले पंतप्रधान. सकाळी पावाला जायफळाच्या गराचा मुरंबा लावून खा.

गुंतवणूक करणाऱ्यांनो, जमिनीच्या मागे लागू नका. परदेशी माणसाला तिथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर घेऊन देणारा दलाल भेटला तर उठून या. बीपासून लावलेलं झाड नर की फळ देणारं मादी, हे पाच-सात वर्षांनी फुलल्यावर कळतं. नुसत्या जायफळाच्या ओळी लावू नका, वर सावलीला जुनी कनारीची झाडं लागतातच. पैसे घालायचेच असतील तर वाळवणीत घाला. आणि घरचंच झाड हवं असेल तर दापोलीच्या विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’ची कलमं मागा, नारळाच्या बागेत छान येतात.

पाक हाजींची आता नजर कमी झाली आहे. आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ असतात, त्या वेळी त्यांचा फोन येतो. गेल्या सोमवारी त्यांनी फोन जायफळाच्या टोपलीपाशी धरला, मूठभर उचललं आणि हलवलं. “ऐकलंस, दिक?” मी म्हटलं, ऐकलं, भरा.