पॉलिश नको म्हटलं होतं!

एप्रिलमध्ये घेतलेलं घड्याळ हातावर चढायला सप्टेंबर संपत आला, तेही एका शब्दापायी. पॉलिसाज. म्हणजे पॉलिश.

घड्याळ कार्तिए या फ्रेंच कंपनीचं, मॉडेल टँक लुई कार्तिए. सत्तरच्या दशकातलं, १८ कॅरेट सोन्याचं, रोज सकाळी चावी द्यायचं. पॅरिसमध्ये ड्रुओ या लिलावगृहाच्या लिलावात घेतलं. लिलावाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की बोली जिंकली तरी वर साधारण पाव हिस्सा कमिशन जातं. ते धरूनच हात वर करा. आईला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, "किती ग्रॅम?" दुसरा, "अठराच? बावीस नाही?"

चावी दिली की चार तास चालायचं आणि थांबायचं. आतलं तेल सुकलेलं. घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. सहा आठवड्यांनी खर्चाचा अंदाज आला, पाच ओळींचा: सर्व्हिसिंग, नवी स्प्रिंग, काच, डायल बदलणे, पॉलिश. शेवटच्या दोन ओळींवर मी पेनाने काट मारली, सही केली, परत पाठवला.

तीन आठवड्यांनी नवा अंदाज. त्याच पाच ओळी.

फोन केला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये ते एकत्रच येतं. आणि मस्यू, घड्याळ अगदी नवं दिसेल." अहो, नवं हवं असतं तर नवंच नसतं का घेतलं! लुई कार्तिएने १९१७ साली हा आकार रणगाड्यावरून बेतला असं सांगतात. दोन्ही बाजूंच्या उभ्या सोन्याच्या पट्ट्या म्हणजे रणगाड्याचे पट्टे, आणि सगळी मजा त्यांच्या धारदार कडांत. दर पॉलिशला थोडं सोनं घासून जातं, कडा गोल होतात, अन् रणगाड्याची साबणाची वडी होते. डायल तर मुळीच बदलू देणार नव्हतो. भिंगातून पाहिलं तर रोमन सातच्या एका रेघेत 'कार्तिए' हे नाव मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लपवलेलं आहे.

हे सगळं माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये समजावलं. जुलैअखेर तिसरा अंदाज आला. डायलची ओळ गेली होती. पॉलिशची ओळ होतीच, फक्त समोर ० युरो. फुकट करून देणार होते! मी हसावं की रडावं या विचारात असतानाच ऑगस्ट उजाडला आणि दुकानाचं शटर महिनाभरासाठी खाली. (पॅरिसमध्ये काहीही दुरुस्तीला द्यायचं तर वसंतात द्या. मीही वसंतातच दिलं होतं म्हणा.)

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी स्वतःच गेलो. कागदावर मोठ्या अक्षरात 'साँ पॉलिसाज', म्हणजे पॉलिशविना, असं लिहून नेलं होतं. आवाज जरा चढला असावा, कारण आतून एप्रन घातलेले म्हातारे कारागीर बाहेर आले, भिंग कपाळावर सरकवलेलं. त्यांनी घड्याळ आडवं धरून कडा पाहिल्या आणि त्या बाईंनाच विचारलं, "याला पॉलिश करायला कोण म्हणालं?"

पुढचं काम अडीच आठवड्यांत झालं.

हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: घेण्यापूर्वी मागची बाजू बघा. ९२५ किंवा 'प्लाके ऑर' दिसलं तर ते चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेलं 'मस्ट' मॉडेल. वाईट नाही, पण सोन्याचा भाव देऊ नका. फ्रान्समध्ये १८ कॅरेटवर १८३८ पासून गरुडाच्या डोक्याचा छाप मारतात. फार बारीक असतो, दहापट भिंग लागतं. आणि दुरुस्तीला देताना चारही कडांचे फोटो काढा. मी काढले नव्हते, म्हणून सप्टेंबरभर झोप नीट नव्हती.

घड्याळ घरी आणलं ते वेळ न बघता आधी भिंगाखाली धरलं. गरुड जागेवर होता, चोचीसकट. बिलावर मात्र तळाला छापलेलं आहेच: पॉलिश, ० युरो.