झाडं राहू द्या, पाचोळा उचला

इंदूरहून खंडवा रस्त्यानं सिमरोल-चोरलकडे जाताना सागाच्या जंगलाला खेटून फार्महाउसांच्या कॉलन्या वाढताहेत. पावसात कमरेएवढं माजलेलं गवत फेब्रुवारीपर्यंत कडक वाळतं, साग पानं गाळतो आणि गहू निघाला की शेजारच्या शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, पेटवली जाते. वणव्याला सगळं तयार असतं.

तरीही कॉलनीच्या बैठकीत वणव्याचा विषय निघाला की लोक ऐकतात एवढंच: ‘झाडं तोडणार.’ त्यांचा विरोध रास्त आहे. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं की एकही मोठं झाड तोडायचं नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरून पळतो. गवत, त्यावर घाणेरीचं झुडूप, त्यावर लोंबती फांदी अशी शिडी मिळाली तरच तो वर चढतो. शिडी मोडा: मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या ६-७ फुटांपर्यंत छाटा, बुंध्याजवळची घाणेरी मुळासकट काढा. घराच्या भिंतीलगत ५ फुटांत फक्त फरशी किंवा मुरूम. तिथे मोरपंखीचं कुंपण नको, ते आतून वाळतं. त्यापलीकडे तगर, जास्वंद चालतील, पण पाणी आणि छाटणी सुटली तर तीही पेटतात.

कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या भागांत कायद्यानं घराभोवती १०० फूट जागा सांभाळावी लागते. आपल्या प्लॉटांत एवढं अंतर शेजाऱ्याच्या बागेत जातं, आणि उडती ठिणगी कंपाउंडची भिंत मानत नाही. त्यामुळे एकट्यानं केलेली बाग पुरत नाही, शेजाऱ्याची संमती लागतेच.

ती मिळवायची रीत इंदूरला माहीत आहे. २०१७मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, कारण कचरा घ्यायला गाडी रोज दारात येऊ लागली. इथेही नियमाआधी सोय हवी. फेब्रुवारी ते मे आठवड्याचा एक वार ठरवा, त्या दिवशी पाचोळा कॉलनीच्या खड्ड्यात जाईल. माळी पाचोळा पेटवतो, कारण टाकायला जागा नसते. त्याला बैठकीत बोलवा, त्याच्या कामाचे जादा पैसे आधीच ठरवा.

इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरमध्येच कंपोस्टची पद्धत बसवली: पाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर, वरून पाणी, अधूनमधून उलटापालट; सुमारे ३ महिन्यांत खत. सागाची पानं चिवट असतात, आधी तुकडे करा. खड्डा घरांपासून लांब आणि ओला ठेवा. कोरडा ढीग म्हणजे सरपणच.

पहिल्या वर्षी रस्त्यालगतचा एकच प्लॉट तयार करा आणि जानेवारीत सगळ्यांना तो चालून दाखवा. सावली तशीच आहे हे डोळ्यांनी दिसलं की निम्मे वाद मिटतात. गवत मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हिरवट असतानाच कापा, चारा म्हणून उचललं जाईल. उन्हाळ्यात ब्रश कटरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं, लोखंडी पातं दगडावर आदळून ठिणगी उडते. तेव्हा पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावा, काम सकाळी लवकर उरका आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवा.