शोणाचा भाऊ

शाळेनं मला जे जे दिलं त्यात मी सगळ्यात वर 'मृत्युंजय' ठेवतो. नववीत असताना मराठीच्या सरांनी ती कपाटातून काढून माझ्या हातात दिली. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. सरांना याचं फार कौतुक. मला मात्र त्या जाडजूड पुस्तकात भेटला तो शोण.

कादंबरी सहा जणांच्या तोंडून उलगडते: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. राजे, राणी, साक्षात देव, आणि त्यांच्या पंगतीला अधिरथ सारथ्याचा मुलगा, कर्णाचा धाकटा भाऊ शोण. मूळ महाभारतात कर्णाचे हे भाऊ युद्धाच्या धामधुमीत ओळीपुरते येतात आणि मारले जातात. सावंतांनी शोणाला बोलतं केलं, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. कर्ण हस्तिनापूरला निघतो तेव्हा रथामागे जीव तोडून धावणारा तो लहानगा वाचला आणि मला पुढे वाचवेना.

कारण आमच्या घरातही असा एक दादा होता. बाबांच्या मित्राचा मुलगा. आईवडील गेल्यावर आमच्याकडे आला आणि आमचाच झाला. शाळा हीच, पत्ता एकच, आडनावं दोन. 'सख्खा आहे का रे तुझा?' हा प्रश्न मधल्या सुट्टीत ठरलेला. जूनमध्ये फॉर्म भरताना 'विद्यार्थ्याशी नाते' असा एक रकाना असे. बाबा दोघांच्याही फॉर्मवर 'वडील' लिहीत आणि खाली सही करत. आडनाव जुळत नाही म्हणून आमच्या वर्गशिक्षकांनी तो फॉर्म कधीही परत पाठवला नाही. त्यासाठी मी या शाळेचा जन्मभर ऋणी आहे.

रथाचा प्रसंग मी दादाला वाचून दाखवला. तो एवढंच म्हणाला, "थांबवला ना रथ?"

कर्ण म्हटलं की लोकांना आठवतो तो अपमान, सूतपुत्र म्हणून हिणवणं. त्याच सूताच्या घरात त्याला काय मिळालं, हे फारसं कुणी बोलत नाही. अंगदेशाचा अभिषेक नुकताच झालेला असताना काठी टेकत आलेला अधिरथ दिसताच तो धनुष्य टाकतो आणि ओलं मस्तक त्याच्यापुढे लववतो, भर आखाड्यात सगळ्यांदेखत. उद्योगपर्वात कृष्ण जन्माचं रहस्य सांगून राज्य पुढे करतो, तेव्हा कर्णाचं उत्तर किती घरगुती आहे! मला पाहून राधेला पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिला पिंड द्यायचं मी कसं नाकारू? हे वाचलं की मला राधेच्या त्या घरातला, सख्खं-सावत्र न कळणारा शोण दिसतो. त्याला भाऊ कुठून आला याच्याशी कर्तव्यच नाही. तो आपला आहे, एवढं पुरे.

शाळेच्या महोत्सवाला आम्ही दोघंही येतो आहोत. ग्रंथालयासाठी 'मृत्युंजय'च्या नव्या प्रती आणतो आहोत. कर्णाचं प्रकरण मुलं आपणहून वाचतील. शोणाचं तेवढं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवावं, अशी मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे.