विदरस्पून रस्त्यावरचा वर्ग

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. अकरावीच्या मुलांना एप्रिलमध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ दाखवायला नेतो. तिथल्या नासॉ हॉल या जुन्या इमारतीच्या भिंतीवर 1777 च्या, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईतली तोफगोळ्याची खूण दाखवतात, तिथे मुलं रमतात. मी रमते ती पुढे, जॉन विदरस्पून यांच्या पुतळ्यापाशी.

हा स्कॉटलंडचा प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री पेस्लीत चर्च सांभाळत होता. प्रिन्स्टनच्या कॉलेजचं अध्यक्षपद चालून आलं, पण बायको एलिझाबेथ समुद्र ओलांडायला तयार होईना, म्हणून आधी नकार कळवला गेला. एडिंबरोत वैद्यक शिकणाऱ्या बेंजामिन रशने घरी जाऊन तिचं मन वळवलं. 1768 च्या ऑगस्टमध्ये कुटुंब पोहोचलं, सोबत कॉलेजसाठी 300 पुस्तकं, आणि विद्यार्थ्यांनी नासॉ हॉल मेणबत्त्यांनी उजळून टाकला. कॉलेजची तिजोरी रिकामी होती. विदरस्पून गावोगाव प्रवचनं देत देणग्या गोळा करू लागले आणि नीतिशास्त्र, इतिहास, वक्तृत्व स्वतः शिकवू लागले. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स मॅडिसन त्यांच्याच हाताखाली शिकला. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे ते एकमेव कार्यरत धर्मोपदेशक. पुढच्याच वर्षी मुलगा जेम्स जर्मनटाउनच्या लढाईत मारला गेला. सहीची किंमत घरातून मोजलेला हा माणूस मला मनापासून आवडतो, आणि मुलांना मी ते सांगते.

यंदा मी प्रत्येक गटाला एकेक जुना कागद वाचायला दिला होता. एका गटाकडे 1756 सालच्या स्कॉटिश वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची छापील प्रत होती. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याची जाहिरात. एका मुलीने ती पुतळ्याच्या चौथऱ्याशी उभं राहून मोठ्याने वाचली. पळालेल्या माणसाजवळ एक दाखला आहे, त्यात त्याचं नाव जेमी मॉंटगोमेरी असं आहे आणि खाली सही आहे, ‘जॉन विदरस्पून, पाद्री’. ती थांबली आणि तिने मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं.

मग मी जेमीची हकीकत सांगितली. व्हर्जिनियात विकत घेतलेल्या या तरुणाला मालक रॉबर्ट शेडन याने सुतारकाम शिकायला स्कॉटलंडमधल्या बीथ गावी आणलं होतं. तिथल्या चर्चचे पाद्री तेव्हा विदरस्पून. त्यांनी जेमीला बाप्तिस्मा दिला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून दिला. बाप्तिस्म्यामुळे हा स्वतःला मोकळा समजेल, या धास्तीने शेडनने त्याला परत व्हर्जिनियाला धाडण्यासाठी बंदरावर ओढत नेलं. जेमी निसटला, एडिंबरोला पोहोचला, पकडला गेला. गुलामी स्कॉटलंडच्या कायद्यात बसते का, हा खटला कोर्टात उभा राहिला. निकालाआधीच जेमी तुरुंगात मेला.

त्याच मुलीने विचारलं, “ज्यांनी याला स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला, त्यांच्याच घरी पुढे गुलाम कसे होते?”

झटकन उत्तर देण्याचा हा प्रश्न नव्हता. मी जे नोंदीत आहे तेच समोर ठेवलं. केवळ बळाच्या जोरावर कुणाचं स्वातंत्र्य हिरावणं गैर, असं विदरस्पून वर्गात शिकवत. पण आधीपासून गुलाम असलेल्यांना त्यांचंच नुकसान होईल अशा रीतीने सोडण्याचं बंधन मालकावर नाही, असंही त्याच व्याख्यानात. 1790 मध्ये गुलामी संपवण्यावर विचार करणाऱ्या न्यू जर्सी विधिमंडळाच्या समितीचे ते प्रमुख होते; समितीने नवा कायदा नको असा अहवाल दिला. 1794 मध्ये ते वारले तेव्हा मालमत्तेच्या यादीत दोन गुलाम होते. एक मुलगा तावातावाने म्हणाला, “पण त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांना शिकवलंही होतं ना?” शिकवलं होतं. जॉन क्वामिन आणि ब्रिस्टल यामा, 1774 मध्ये. हेही खरं आणि तेही. पुतळा ठेवावा की हलवावा यावर विद्यापीठात 2022 पासून जो वाद झाला, तोच वाद माझी मुलं तिथे घालत होती, आणि मी मधे पडले नाही. त्या सगळ्या नोंदी वाचून माझं मत मात्र ठरलेलं आहे: ज्याला प्रश्न कळला होता, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा जास्त.

वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा तेव्हा पुढे आला. “मिस, खालच्या रस्त्याने जाऊया का? माझ्या आजीचं लग्न तिथल्या चर्चमध्ये झालं.” रस्त्याचं नावही विदरस्पूनच. दफनभूमीत अध्यक्षांच्या ओळीत विदरस्पून यांची कबर पाहिली आणि मग त्याच्यामागून चालत गेलो. विदरस्पून स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्च हे इथल्या कृष्णवर्णीयांचं जुनं चर्च. नॉर्थ कॅरोलायनातल्या गुलामीतून किशोरवयात पळून आलेले विल्यम ड्रू रॉबेसन इथे पाद्री होते. गायक पॉल रॉबेसन त्यांचा मुलगा, 1898 मध्ये याच गावात जन्मलेला. 1901 मध्ये वरच्या धर्ममंडळाने वडिलांना पद सोडायला लावलं, आणि घर चालवण्यासाठी त्यांनी घोडागाडीतून लोकांच्या घरची राख वाहिली. हे सगळं त्या मुलाने सांगितलं, आजीकडून ऐकलेलं. मी फक्त सालं पुरवली.

परतीच्या बसमध्ये वाद चालूच होता. पुढच्या वर्षी सहल चर्चपासून सुरू करायची असं मी ठरवलंय. त्या मुलाच्या आजींना फोन केला. त्या यायला तयार आहेत, पण दुपारच्या आत आटपा म्हणाल्या.