‘शॉवर’ असेल तर थांबा, ‘रेन’ असेल तर निघा

मँचेस्टरमधला माझा चौथा दिवस. संध्याकाळी ऑफिसच्या दारात छत्री उघडली, तर एक सहकारी म्हणाली, “थांब जरा, नुसती शॉवर आहे.” मला शॉवर फक्त न्हाणीघरातला ठाऊक. पण दहा मिनिटांत खरंच लख्ख ऊन पडलं.

शॉवर म्हणजे आपली सर. या गल्लीत पडेल, पुढची कोरडी राहील. ‘रेन’ म्हणजे आभाळभर पसरलेल्या ढगांतून तासन्‌तास लागून राहणारा पाऊस. हवामानाच्या बातम्यांत हा फरक काटेकोर पाळतात. ‘स्कॅटर्ड शॉवर्स’ ऐकलं की मी धुणं बाहेर घालते आणि आभाळावर डोळा ठेवते. ‘परसिस्टंट रेन’ म्हटलं की धुणं घरातच.

भुरभुर म्हणजे ‘ड्रिझल’. थेंब अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, छत्री असूनही चष्मा ओला होतोच. शिंतोडे पडू लागले की ‘इट्स स्पिटिंग’. शब्दाचा अर्थ थुंकणं, तरी कुणाहीसमोर बिनदिक्कत बोला. धो-धो कोसळला तर ‘इट्स पोअरिंग’. मित्रमंडळींत ‘चकिंग इट डाउन’ही चालतं, साहेबांना पाठवायच्या ईमेलमध्ये नको. शाळेत घोकलेलं ‘कॅट्स अँड डॉग्ज’ मात्र मी इथे अजून कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही.

आपली गफलत होते ती ‘पाऊस येतोय’ म्हणताना. डोळ्यांसमोर पडत असला तरी आपण येतोयच म्हणतो. इथे ‘रेन इज कमिंग’ म्हटलं तर लोक आभाळाकडे बघतात, कारण तो अजून यायचा असतो. पडत असेल तर ‘इट्स रेनिंग’. आणि मोठा पाऊस ‘बिग’ किंवा ‘स्ट्राँग’ नसतो, ‘हेवी’ असतो. ‘स्ट्राँग’ वाऱ्यासाठी ठेवा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मँचेस्टरला सरासरी वर्षभरातही तेवढा होत नाही. इथला पाऊस थोडा थोडा, पण बाराही महिने, त्यामुळे बोलण्यात तो रोजच असतो.

मला सगळ्यात आवडलेला शब्द शेजारच्या आजींकडून मिळाला. पाऊस ओसरून ढगांआडून उजेड फाकला की त्या कुंपणापलीकडून हाक मारतात, “इट्स ब्राइटनिंग अप!” आई दर रविवारी फोनवर विचारते, “उघडलं का गं तिकडे?” अगदी तोच शब्द.